पाइपाची जाडी, न कापता

वडोदऱ्यातल्या अनेक मराठी घरांतले कोणी ना कोणी कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात, जो 1965 साली सुरू झाला, किंवा नंदेसरीच्या रसायन कारखान्यांत कामाला असते, आणि तिथल्या पाइपांचे जाळे त्यांच्या रोजच्या पाहण्यातले असते. बाहेरून रंगवलेला पाइप धडधाकट दिसतो. मात्र आतून वाहणाऱ्या द्रवामुळे त्याची भिंत कुठे किती झिजली आहे, हे डोळ्यांना कळत नाही. कापून पाहिले तर जाडी कळेल, पण पाइप निकामी होईल. म्हणून धातूला धक्का न लावता केल्या जाणाऱ्या चाचण्या लागतात, ज्यांना कारखान्यात सगळे एनडीटी म्हणतात.

जाडी मोजण्यासाठी त्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी चाचणी श्रवणातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनीची आहे. पाइपावर जेलचा एक थेंब ठेवून त्यावर बोटाएवढा प्रोब, म्हणजे ध्वनी सोडणारा आणि परत आलेला टिपणारा भाग, टेकवला जातो. जेल आवश्यक असते, कारण प्रोब आणि धातू यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला, तरी जवळजवळ सगळा ध्वनी तिथूनच परत फिरतो. पोलादात ध्वनी सेकंदाला सुमारे 5,900 मीटर वेगाने जातो. 10 मिलिमीटर जाडीच्या भिंतीच्या आतल्या पृष्ठभागावर आपटून परत यायला त्याला सुमारे 3.4 मायक्रोसेकंद लागतात. यंत्र खरे तर जाडी मोजत नाही, हा वेळ मोजते आणि त्याला वेगाने गुणून आलेले अंतर निम्मे करते. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण वेळ वाढवणारी कोणतीही गोष्ट यंत्राला जाडीच वाटते.

रंगाचेच पाहा. रंगाच्या थरात ध्वनी पोलादातल्यापेक्षा निम्म्याहून कमी वेगाने जातो, त्यामुळे 0.4 मिलिमीटरचा रंग पडद्यावर जवळजवळ 1 मिलिमीटर पोलाद म्हणून दिसू शकतो आणि झिजलेली भिंत सुरक्षित ठरते. यावर उपाय असा, की आतल्या पृष्ठभागावरून लागोपाठ येणाऱ्या दोन प्रतिध्वनींमधला वेळ मोजायचा. रंगातला प्रवास दोन्हींत सारखाच असल्याने वजाबाकीत तो निघून जातो. गरम पाइपातही ध्वनी थोडा मंदावतो आणि भिंत आहे त्यापेक्षा जाड दिसते. तिथे तापमानाची दुरुस्ती करावीच लागते.

तरीही एका रीडिंगने फक्त प्रोबखालचा ठिपका कळतो. गंज सगळीकडे सारखा लागत नाही. तो एखाद्या खड्ड्यात खोल उतरतो आणि शेजारची भिंत शाबूत राहते. म्हणून अनुभवी तपासनीस वळणाची बाहेरची बाजू आणि प्रवाह थांबलेल्या बंद फाट्यांचा तळ आधी तपासतो. टाकीच्या तळासारखा मोठा पत्रा इंच इंच मोजणे शक्य नसते. तिथे बलवान चुंबक सरकवत नेतात आणि पत्रा जिथे पातळ झाला असेल तिथून बाहेर फाकणारे चुंबकीय क्षेत्र संवेदक टिपतात. संशयास्पद जागा पुन्हा ध्वनीने मोजावी लागते.

इन्सुलेशनखालचा, म्हणजे पाइपाची उष्णता टिकवणाऱ्या वेष्टणाखालचा गंज अधिक फसवा असतो, कारण पत्र्याच्या आवरणाच्या फटीतून शिरलेले पावसाचे पाणी कोमट पाइपाभोवती महिनोन्‌महिने मुरत राहते. स्पंदित भोवरा प्रवाहाच्या पद्धतीत इन्सुलेशन न काढता वर ठेवलेल्या तारेच्या वेटोळ्यातला विद्युतप्रवाह एकाएकी तोडतात. धातूत निर्माण झालेले प्रवाह किती वेळात विरतात, यावरून भिंतीची जाडी समजते. मात्र हे उत्तर बऱ्यापैकी मोठ्या क्षेत्राचे सरासरी उत्तर असते आणि लहान खड्डा त्यातून निसटू शकतो.

एकाच जागी दर काही वर्षांनी मोजले, तरच झिजेचा वेग कळतो. तीन वर्षांपूर्वी 9.5 आणि आज 8.9 मिलिमीटर असेल, तर झीज वर्षाला 0.2 मिलिमीटर झाली. सुरक्षित किमान जाडी 7.3 असेल, तर याच वेगाने आठ वर्षे उरली. त्यासाठी ठिपक्याची खूण पाइपावर आणि नोंदवहीत नेमकी असावी लागते, आणि मोजून झाल्यावर जेल पुसून, रंग खरवडला असल्यास तेवढी जागा पुन्हा रंगवावी लागते. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात नेमका तिथेच बाहेरून गंज धरतो.