एकच निकाल, दोन मते: सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीचा शेअर कसा पाहावा

घरगुती वापराचे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा तिमाही निकाल लागला की तेच आकडे पाहून एक गुंतवणूकदार शेअर घेतो आणि दुसरा विकून मोकळा होतो. त्यांचा मतभेद बहुधा आजच्या नफ्याबद्दल नसतो, तर आज पैसे भरणारा ग्राहक किती काळ टिकेल याबद्दल असतो. आमच्या मते चर्चेची सुरुवातही तिथूनच व्हायला हवी.

दरमहा 3 टक्के ग्राहक सबस्क्रिप्शन बंद करतात, हे ऐकायला किरकोळ वाटते. परंतु या गतीने वर्षअखेर 100 जुन्या ग्राहकांपैकी सुमारे 69 च उरतात, आणि हीच गळती 1 टक्का असेल तर सुमारे 89. पहिल्या कंपनीला एक पाऊल पुढे टाकण्याआधीच 31 जणांची जागा भरावी लागते व त्यासाठीचा जाहिरातखर्च नफ्यातून जातो. एकूण ग्राहकसंख्या वाढत असली की ही गळती तिच्याआड सहज झाकली जाते.

उलट, घटलेला महसूलही दरवेळी वाईट बातमी नसतो. अ‍ॅडोबीने मे 2013 मध्ये फोटोशॉप व इतर क्रिएटिव्ह सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या केवळ सबस्क्रिप्शनवर देण्याचे जाहीर केले. पूर्वी विक्री होताच पूर्ण किंमत महसुलात धरली जाई. आता तीच कमाई महिन्यामहिन्याला विभागून येऊ लागली. त्यामुळे 2012 च्या आर्थिक वर्षातील सुमारे 4.4 अब्ज डॉलरचा महसूल पुढच्या वर्षी 4.06 अब्जांवर उतरला, आणि 2015 मध्ये 4.8 अब्जांवर गेला. घसरण खरी होती, पण तिचे कारण हिशेबाच्या पद्धतीत होते. कृत्रिम बुद्धिमत्ता अशा कंपन्यांचे ग्राहक पळवील की वाढवील, हा सध्याचा वादही नूतनीकरणाच्या आकड्यांवरच तपासावा.

एक बाब मात्र तेजीवाले फार लवकर ओलांडून जातात. कर्मचाऱ्यांना पगाराचा काही भाग शेअरच्या रूपात दिला की रोख बाहेर जात नाही, म्हणून रोख प्रवाह भरघोस दिसतो. पण शेअरची संख्या वाढते आणि जुन्या भागधारकाचा वाटा कमी होतो. शेअरची पुनर्खरेदी करून ही वाढ रोखायची, तर तीच रोख तिथे खर्ची पडते. म्हणूनच अशा शेअरची चौकशी करणाऱ्या ग्राहकांसमोर आम्ही प्रति शेअर रोख प्रवाह आणि मागील 5 वर्षांची शेअरसंख्या शेजारी शेजारी मांडून ठेवतो.