खाण बंद होण्याआधीची अकरा वर्षं

जर्मनीच्या रूर भागातली दगडी कोळशाची शेवटची खाण २०१८च्या डिसेंबरमध्ये बंद झाली. बोट्रोप शहरातली प्रोस्पर-हानिएल ही ती खाण. तिथून वर काढलेला कोळशाचा शेवटचा तुकडा समारंभपूर्वक देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती देण्यात आला. खाण बंद झाली, पंप मात्र चालूच राहिले आणि ते पुढेही कायम चालू ठेवावे लागणार आहेत.

याचं कारण जमिनीत आहे. पिढ्यान् पिढ्या खालून कोळसा उपसल्यामुळे वरची जमीन खचली, काही ठिकाणी तर वीस मीटरहून अधिक. रस्ते आणि वस्त्या आसपासच्या नद्या-ओढ्यांपेक्षा खालच्या पातळीवर गेल्या. उतारच उलटा झाल्यावर पाणी आपोआप वाहून जायचं कुठे? पंप थांबवले, तर दाट वस्तीच्या भागांत तळी साचतील. शिवाय खोल बोगद्यांत झिरपणारं खारट पाणी वर चढत गेलं, तर ते पिण्याच्या पाण्याच्या थरांपर्यंत पोचू शकतं. म्हणून त्याचीही पातळी उपसा करून खाली ठेवावी लागते. या सगळ्याचा खर्च दरवर्षी वीस कोटी युरोंहून जास्त आहे, आणि तो कोळशाच्या विक्रीतून येणार नाही, कारण कोळसा आता निघतच नाही.

मग पैसे देतं कोण? ही सोय खाण बंद होण्याच्या अकरा वर्षं आधीच झाली होती. २००७ मध्ये सरकार, खाण कंपनी आणि कामगार संघटना यांचं दगडी कोळशाचं उत्पादन थांबवण्यावर एकमत झालं. त्याच वर्षी एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं आणि कोळसा कंपनीच्या रसायन व्यवसायाची, म्हणजे आजच्या एव्होनिकची, मालकी त्याच्याकडे दिली गेली. त्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून आज पंप चालतात.

मातीची आणि पाण्याची काळजी इतक्या आधीपासून घेता येते, तर माणसांची का नाही, हा प्रश्न विचारला गेला तो मात्र अमेरिकेत. विषारी कचऱ्याने नासलेल्या जागा साफ करण्यासाठी तिथे १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा झाला. तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगारांच्या संघटनेचे नेते टोनी माझोकी यांनी पुढे सवाल केला, की घाणीसाठी निधी असू शकतो, तर कामगारांसाठी का नसावा? दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने शिक्षणाचा खर्च दिला होता आणि माझोकी स्वतः त्या युद्धात लढलेले होते. घातक उद्योग समाजाच्या भल्यासाठी बंद करायचे असतील, तर त्यातल्या माणसांनाही तशीच सोय मिळायला हवी, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्यासमोर तेव्हा मुख्यतः विषारी रसायनं होती, हवामान नव्हे. या मागणीतूनच ‘न्याय्य संक्रमण’, म्हणजे उद्योग बदलताना त्यातल्या माणसांचीही सोय करणं, ही कल्पना कामगार चळवळीत वाढली आणि २०१५च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत जाऊन बसली. प्रस्तावनेतली वाक्यं बंधनकारक नसतात, हेही सांगायला हवं.

ऊर्जेच्या बदलात काही गावांवरच कुऱ्हाड का कोसळते, हे समजायला विजेचं गणित पाहावं लागतं. कोळशाच्या विजेला रोज माणसं लागतात. कोळसा खणायचा, गाड्यांत भरायचा, दळून पीठ करायचं, जाळायचा, राख उचलायची, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, आणि हे चाळीस-पन्नास वर्षं चालू. सूर्य आणि वारा यांना खणावंही लागत नाही आणि वाहूनही आणावं लागत नाही. त्यांचं काम उभारणीच्या वर्ष-दोन वर्षांत एकवटतं. नंतर सौर पटलं धुणं, पवनचक्कीची देखभाल आणि पडद्यावर लक्ष ठेवणं एवढ्याला थोडी माणसं पुरतात. कारखान्यांत, वाहतुकीत, वाहिन्या टाकण्यात नवे रोजगार निघतात हे खरंच आहे. देशभराची बेरीज मांडली तर कदाचित आकडा वाढलेलाही दिसेल. पण कोळसा जिथे निसर्गाने ठेवला तिथेच निघतो आणि ऊन सगळीकडे पडतं. गेलेल्या नोकऱ्या एका खोऱ्यातल्या, आलेल्या शंभर जागी विखुरलेल्या. बेरीज बरोबर असूनही माणसं चुकीच्या जागी राहतात.

‘दुसरीकडे जा’ हा सल्लाही वाटतो तितका सोपा नाही. गावातला एकमेव मोठा उद्योग बंद होणार म्हटलं, की सगळ्यांच्या घरांची किंमत एकाच वेळी पडते. कामगाराची आयुष्यभराची बचत त्याच घरात अडकलेली असते. ज्या दिवशी त्याला गाव सोडायचं असतं, नेमक्या त्याच दिवशी ते घर घ्यायला कुणी नसतं. दुकानदार, बसचालक, शाळेतले शिक्षक यांचं नाव कोणत्याच भरपाईच्या यादीत नसतं. स्थानिक प्रशासनाचं कराचं उत्पन्न आटतं, म्हणजे मदतीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच मदत करणाराही कंगाल झालेला असतो.

म्हणून माझ्या मते न्याय्य संक्रमणाच्या धोरणाची खरी परीक्षा रकमेत नसून क्रमात आहे. आधी काय झालं आणि नंतर काय, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातलं हेझलवूड औष्णिक केंद्र १,६०० मेगावॉटचं होतं. ते बंद करण्याची घोषणा नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली आणि मार्चअखेर केंद्र बंद. जेमतेम पाच महिने. राज्य सरकारने घाईने लाट्रोब खोऱ्यासाठी प्राधिकरण स्थापलं. शेजारच्या केंद्रांतल्या वयस्क कामगारांनी लवकर निवृत्ती घ्यायची आणि त्या जागी हेझलवूडच्या लोकांना घ्यायचं, अशीही योजना आखली. कल्पना चांगली होती, तिला वेळ मिळाला नाही. धडा मात्र तिथल्या वीजबाजाराने घेतला. २०१८ मध्ये नियम आला, की मोठं केंद्र बंद करायचं तर किमान तीन वर्षं आधी कळवावं लागेल. ही मुदत पुढे ४२ महिने झाली. नियम मुळात वीजटंचाई टाळण्यासाठी होता, पण कामगारांच्या दृष्टीने पाहिलं तर एवढा स्वस्त आणि उपयोगी कायदा दुसरा सापडणं कठीण.

वेळ हाताशी असला, की अगदी साधे उपाय चालतात. जर्मनीच्या २०२०च्या कायद्याने कोळशाची वीज २०३८ पर्यंत संपवायची ठरवली. ५८ वर्षं पूर्ण झालेल्या कोळसा कामगारांना निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत पाच वर्षांपर्यंत भत्ता त्यात आहे, आणि कोळशाच्या प्रदेशांसाठी ४० अब्ज युरोंपर्यंतची तरतूद त्याच्या जोडीच्या कायद्यात. स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ च्या करारात ४८ वर्षांवरच्या खाणकामगारांना मुदतपूर्व निवृत्तीची सोय झाली. एकूण रक्कम २५ कोटी युरोंची, आणि खाणी त्याच वर्षाअखेर बंद व्हायच्या होत्या. पंचावन्न वर्षांच्या खाणकामगाराला संगणकाचा अभ्यासक्रम शिकवण्यापेक्षा त्याला सन्मानाने निवृत्त होऊ देणं अनेकदा शहाणपणाचं ठरतं. पुनर्प्रशिक्षणाच्या घोषणा कागदावर आकर्षक दिसतात एवढंच. विद्युत तंत्रज्ञ, फिटर, वेल्डर, क्रेनचालक यांचं तसं नाही. त्यांचं कौशल्य नव्या कामात जवळपास तसंच्या तसं उपयोगी पडतं.

माणसांचं झालं, गावाचं काय? इथे स्पेनचा एक प्रयोग जरा जवळून पाहण्यासारखा आहे. तेरुएल प्रांतात अँडोरा नावाचं गाव आहे (त्याच नावाचा छोटा देश वेगळा). तिथलं ११०० मेगावॉटचं कोळसा केंद्र २०२० मध्ये बंद झालं. केंद्र गेल्यावर मागे उरतं काय? उंच चिमण्या, राखेचे ढीग, आणि एक अशी गोष्ट जिची किंमत बाहेरच्यांना चटकन कळत नाही: ग्रिडची, म्हणजे वीज सगळीकडे वाहून नेणाऱ्या जाळ्याची, जोडणी. उच्च दाबाच्या जाड वाहिन्या आणि उपकेंद्र. नव्या सौर किंवा पवन प्रकल्पाची आज अनेक देशांत सर्वांत मोठी अडचण जमीन किंवा पटलं नसून ग्रिडमध्ये शिरायला मिळणं ही आहे. त्यासाठी वर्षानुवर्षं रांगा लागतात. जुनं केंद्र थांबलं, की तेवढी जागा एकाएकी मोकळी होते. एरवी ती आधी येईल त्याला मिळाली असती. स्पेनने कायदा करून ती राखून ठेवली आणि स्पर्धा लावली. ज्याचा प्रकल्प स्थानिकांना जास्त रोजगार देईल, प्रशिक्षण देईल, परिसरातल्या उद्योगांकडून काम करून घेईल, त्याला जास्त गुण. २०२२ मध्ये जुन्या केंद्राची मालक असलेली एन्डेसा कंपनीच ही स्पर्धा जिंकली.

तिजोरीवर फारसा भार न टाकता गावाच्या हाती वाटाघाटीचं बळ देणारी अशी युक्ती मला दुसरी दिसली नाही. तरी क्रम इथेही चुकलाच. केंद्र बंद २०२० ला, निकाल २०२२ ला, आणि परवानग्या नि बांधकाम त्यानंतर. तोवर तरुण माणसं वाट पाहत थांबत नाहीत.

जुन्या केंद्रातली आणखी एक वस्तू कामाची ठरू शकते, ती म्हणजे जनित्र. शेकडो टनांचं फिरतं जनित्र आपल्या जडत्वाने ग्रिडची वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, सावरून धरतं. एखादं केंद्र अचानक बंद पडलं तर वारंवारिता घसरायला लागते, आणि हे फिरतं वजन तिला काही सेकंदांचा आधार देतं. सौर पटलांत फिरणारं काहीच नसल्यामुळे हा आधार आपसूक मिळत नाही. बॉयलर काढून जनित्र नुसतं ग्रिडच्या विजेवर फिरवत ठेवलं, तर धूर न काढता हे काम होतं. काही देशांत जुनी केंद्रं अशी वापरली गेली आहेत. नोकऱ्या थोड्याच राहतात, पण जागा जिवंत राहते.

एका मोठ्या उद्योगाच्या जागी दुसरा मोठा उद्योग आणून बसवणं हा सगळ्यात मोहाचा मार्ग असतो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. रूरमध्येच बोखुम शहरात १९६२ मध्ये जुन्या खाणीच्या जागेवर ओपेलचा मोटारींचा कारखाना आला. हजारोंना काम मिळालं आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला. २०१४ मध्ये तो कारखानाही बंद पडला. त्याच शहरात १९६५ मध्ये एक विद्यापीठ सुरू झालं होतं. त्याआधी लाखो लोकांच्या या औद्योगिक पट्ट्यात एकही विद्यापीठ नव्हतं. कारखाना गेला, विद्यापीठ राहिलं, आणि ओपेलच्या त्या जागेवर आता त्याची संशोधन केंद्रंही आली आहेत. विद्यापीठाने खाणकामगाराला नोकरी दिली नाही, पण त्याच्या मुलीला खाणीची गरज उरली नाही. फरक दिसायला एक पिढी लागली, आणि निवडणुका त्याहून बऱ्याच लवकर येतात.

न्यायाचा दुसरा भाग विजेच्या आणि इंधनाच्या बिलात असतो. स्वच्छ ऊर्जेत इंधनाचा खर्च जवळपास नाहीसा होतो आणि सगळा भार सुरुवातीच्या भांडवलावर येतो. ज्याच्याकडे रोख पैसे किंवा स्वस्त कर्ज आहे तो छतावर पटलं बसवून मोकळा होतो. भाडेकरूला छतच नसतं, त्यामुळे तो जुनं महाग इंधन आणि त्यावरचा कर भरत राहतो. फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरात इंधनकराविरुद्ध पिवळी जाकिटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले, त्यामागे हाच राग होता. शहराबाहेर राहणाऱ्याला मोटारीशिवाय पर्याय नव्हता, आणि त्याच वर्षी श्रीमंतांवरचा संपत्तीकर जवळपास रद्द झाला होता. सरकारला डिसेंबरमध्ये ती करवाढ मागे घ्यावी लागली.

कराचे पैसे लोकांना परत द्यावेत, हा त्यावरचा पाठ्यपुस्तकी उपाय. कॅनडाने २०१९ पासून तसं केलं. कमी उत्पन्नाच्या बहुतेक घरांना भरलेल्या करापेक्षा जास्त रक्कम परत मिळत होती. तरी कर अप्रिय झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये ग्राहकांवरचा तो आकार बंद करण्यात आला. मला यात आश्चर्य वाटत नाही. पेट्रोल पंपावरचा भाव दर आठवड्याला डोळ्यांत खुपतो, परतावा तीन महिन्यांतून एकदा खात्यात मुकाट येऊन पडतो. स्वित्झर्लंडमध्ये तर परतावा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वजा होतो. हिशेबात चोख, पण तो मिळाल्याचं कुणाच्या लक्षात राहणार? इथेही क्रमाचाच प्रश्न आहे. आधी परतावा आणि मग कर, हा क्रम लोकांना दिसायला हवा.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट यातली सर्वांत अवघड. २०२१ मध्ये श्रीमंत देशांनी तिला कोळशातून बाहेर पडण्यासाठी ८.५ अब्ज डॉलरचं आश्वासन दिलं. त्यात अनुदानाचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. म्पुमालांगा प्रांतातलं कोमाटी केंद्र ऑक्टोबर २०२२ अखेर बंद झालं, आणि त्याच्या रूपांतरासाठी जागतिक बँकेचा निधी मंजूर झाला त्यानंतर, नोव्हेंबरात. केंद्र आयुष्याच्या शेवटाला आलेलंच होतं, ते कधी बंद होणार हे वर्षानुवर्षं ठाऊक होतं. कंपनीच्या कायम कामगारांना इतर केंद्रांत सामावून घेतलं गेलं. कंत्राटदारांकडच्या माणसांचं काम मात्र गेलं, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या जेवणाखाण्यावर, राहण्यावर चालणारे आसपासचे धंदेही.

कायम नोकर किती, हे वेतनपटावर सापडतं. कंत्राटी माणसांचा हिशेब कंत्राटदारागणिक विखुरलेला असतो आणि कंत्राट संपलं की तो जपण्याची जबाबदारी कुणावर राहत नाही. बंद करण्याची तारीख जाहीर होण्यापूर्वी फाटकातून रोज आत जाणाऱ्या प्रत्येकाची यादी सरकारने ताब्यात घ्यावी, एवढं तरी कायद्यात असायला हवं.