कोरी घरी नेताय? आधी हे वाचा

"टाकी साफ करणारा मासा द्या," असं म्हणत दर रविवारी कुणीतरी दुकानात येतं आणि कोरीकडे, म्हणजे तळाशी वावरणाऱ्या कोरीडोरास माशाकडे, बोट दाखवतं. आम्ही कोरी विकतो, पण साफसफाईसाठी नाही. तो विष्ठा खात नाही, शेवाळही खरवडत नाही. वरच्या माशांचं उरलंसुरलं खाऊन त्याचं पोट भरत नाही. रात्री दिवा बंद करताना बुडणाऱ्या गोळ्या त्याच्या नावाने वेगळ्या टाका.

कोरीडोरास मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या ओढ्यानद्यांचा. अंगावर खवले नाहीत. दोन्ही कुशींना हाडांच्या पट्ट्यांच्या दोन-दोन ओळी, कौलांसारख्या एकीवर एक चढलेल्या. नावाचा ग्रीक अर्थही शिरस्त्राण आणि कातडी असाच. २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी या गटाची फोड करून बऱ्याच जातींना वेगळी नावं दिली. आमच्या पाटीवर आणि बिलावर अजून जुनीच आहेत, गोंधळू नका.

तळाला बारीक वाळू हवीच. कोरी तोंड खुपसून वाळू चाळतो आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतो; हे बघायलाच तर तो पाळायचा! धारदार रंगीत खडीत आणि घाणेरड्या तळाशी त्याच्या मिशा झिजतात, कुजतात.

"मासा मध्येच झपकन वर जाऊन खाली येतो," असे फोन येतात. काळजी नको. तो हवेचा घोट गिळतो आणि आतड्यातून प्राणवायू घेतो. त्यासाठी झाकणाखाली थोडी जागा मोकळी ठेवा. मात्र सगळेच सारखे वर जात असतील, तर पाणी तपासा.

पकडताना जाळी टाळा. पाठीवरच्या आणि छातीच्या परांचे काटे जाळीत अडकतात, बोटात घुसले तर झोंबतात. वाडगा बरा.

उन्हाळ्यात टाकी तापत असेल तर स्टर्बाय जातीचा कोरी न्या, त्याला २४ ते २८ अंश चालतं. पांडा आणि ठिपकेवाला पेपर्ड या जातींना गारवा लागतो. एप्रिल-मेमध्ये ते आम्ही शक्यतो देत नाही, हट्ट करू नका. एकटादुकटा कोरीही देत नाही. एकाच जातीचे किमान सहा.

थोड्या गार पाण्याने टाकीचं पाणी बदललं की कधीकधी मादी काचेवर अंडी चिकटवते. मोठे मासे ती अंडी खाऊन टाकतात. पिल्लं हवी असतील तर अंडी बोटाने हळूच सोडवून वेगळ्या भांड्यात ठेवा, आणि हवेचा पंप बारीक चालू राहू द्या.