कॉमन्सवर फोटोला लागणाऱ्या दोन पाट्या: ‘झटपट वगळणे’ आणि ‘वगळण्याची विनंती’

दीक्षाभूमी किंवा सीताबर्डी किल्ल्याच्या विकिपीडिया लेखात दिसणारे फोटो बहुतेक वेळा विकिपीडियावर ठेवलेले नसतात. ते विकिमीडिया कॉमन्स या सामायिक साठ्यातून येतात. म्हणून फोटो हटवण्याचा वादही तिथेच होतो. आपण चढवलेल्या फोटोच्या पानावर कॉपीराइटची पाटी, म्हणजे हटवण्याबाबतची सूचना, दिसली की नवा सदस्य घाबरून तोच फोटो पुन्हा चढवतो किंवा पाटीच काढून टाकतो. दोन्ही केल्याने आपलीच बाजू पडते. आधी पाटी कोणती ते वाचा, कारण एकीला दिलेलं उत्तर दुसरीला चालत नाही.

‘झटपट वगळणे’ ही पाटी उघड प्रकरणांसाठी असते. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावरचा फुटाळा तलावाचा फोटो कुणी ‘स्वतःची निर्मिती’ म्हणून चढवला, तर दुसरा सदस्य मूळ दुवा देऊन पाटी लावतो. प्रचालक (वगळण्याचा अधिकार असलेला सदस्य) पाहतो, पटलं तर वगळतो. थांबण्याची मुदत नाही. चित्रपटाचं पोस्टरही याच वाटेने जातं, कारण ‘उचित वापर’, म्हणजे हक्कधारकाच्या परवानगीशिवाय केलेला मर्यादित वापर, कॉमन्सला मुळीच चालत नाही. इंग्रजी विकिपीडिया अशी चित्रं दहा निकष लावून स्वतःकडे ठेवतो, पण तो नियम कॉमन्सवर सांगून उपयोग नाही.

इथे बहुतेकदा प्रश्न एवढाच असतो, की हा फोटो आधी दुसरीकडे, मुक्त परवान्याशिवाय (कुणालाही वापरण्याची मुभा न देता) प्रसिद्ध झाला होता का? ‘लेखाला फोटोची गरज आहे’ हे त्याचं उत्तर नव्हे. फोटो खरंच तुमचा असेल आणि तुम्हीच आधी फेसबुकवर टाकला असेल, तर फेसबुकवरून उतरवलेली लहान प्रत पुन्हा चढवू नका. तिच्या मेटाडेटात (फोटोसोबत साठलेल्या तांत्रिक माहितीत) फेसबुकची खूण राहते आणि संशय वाढतो. कॅमेऱ्यातली मूळ, पूर्ण आकाराची संचिका (फाइल) द्या. पाटी चुकीची वाटली तर ती तशीच ठेवून कारण लिहा आणि प्रकरण दुसऱ्या पाटीत, म्हणजे ‘वगळण्याची विनंती’त, बदलून घ्या.

‘वगळण्याची विनंती’ शंकेच्या प्रकरणांसाठी असते. तिचं वेगळं चर्चापान बनतं, ते साधारण ७ दिवस खुलं राहतं, कुणीही मत मांडू शकतं आणि शेवटी प्रचालक निर्णय देतो. मतं मोजली जात नाहीत. मित्रांना बोलावून दहा वेळा ‘ठेवा’ लिहून घेतलं तरी कलम आणि पुरावा मांडणारं एकच मत जड पडतं. फोटो मुक्त आहे हे दाखवण्याची जबाबदारी चढवणाऱ्याची. ठोस शंका उरली तर फोटो जातो.

खरा कस लागतो तो चौकातल्या कलाकृतींवर. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एस) नुसार इमारतीचा फोटो काढता आणि प्रसिद्ध करता येतो, म्हणून दीक्षाभूमीच्या स्तूपाला अडचण नाही. ५२(१)(टी) सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पाला ही सूट देतं. संविधान चौकातला बाबासाहेबांचा पुतळा त्यात बसतो. पण भिंतीवर रंगवलेलं चित्र त्यात येत नाही. फोटो तुम्ही काढला असला तरी त्यात दिसणाऱ्या चित्राचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, त्यामुळे नव्या भित्तिचित्राचे फोटो चर्चेत सहसा टिकत नाहीत. पुतळ्यावर आक्षेप आला तर नेमकं उपकलम लिहा, नुसतं ‘सार्वजनिक जागा आहे’ म्हणू नका.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेचे जुने फोटो याहून अवघड. भारतात छायाचित्राचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, त्यामुळे तेव्हाच छापून आलेला फोटो इथे मुक्त झाला. कॉमन्सला मात्र मूळ देशासोबत अमेरिकेतही तो मुक्त असावा लागतो, आणि १ जानेवारी १९९६ रोजी भारतात हक्क जिवंत असलेल्या कृतींना अमेरिकेत नव्याने संरक्षण मिळालं; असा फोटो त्यात अडकू शकतो. कोणी काढला, कुठे आणि कोणत्या साली छापला, हे नोंदवल्याशिवाय चर्चा पुढे सरकत नाही. घरच्या अल्बममधून स्कॅन केलेल्या, कधीच न छापलेल्या फोटोला ‘जुना आहे’ एवढं पुरत नाही. असे फोटो झटपट पाटीने उडवणं आम्हाला चुकीचं वाटतं. त्यांना सात दिवसांची चर्चा मिळालीच पाहिजे.

या दोघींशी गल्लत होणारी तिसरी पाटी म्हणजे ‘परवानगी नाही’. तिचीही मुदत ७ दिवसांचीच, पण इथे वाद नको, कागद हवा. संस्थेने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो असेल तर हक्कधारकाने स्वतःच्या अधिकृत ईमेलवरून, संचिकेचं नाव आणि परवाना लिहून, स्वयंसेवक प्रतिसाद पथकाला (अशा परवानग्या ईमेलवर तपासणाऱ्या विकिमीडियाच्या स्वयंसेवकांना) संमती पाठवावी. ‘विकिपीडियासाठी परवानगी आहे’ असं लिहिलं की ती नाकारली जाते. व्यावसायिक वापर आणि बदल या दोन्हींना मुभा हवी; क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० हा मुक्त परवाना चालतो, ‘अव्यावसायिक’ परवाना चालत नाही.

फोटो वगळला गेला की सांगकाम्या (आपोआप काम करणारा प्रोग्राम, बॉट) लेखांमधूनही त्याचं नाव काढतो. तरी संचिका नष्ट झालेली नसते, प्रचालकांना ती दिसते. संमती उशिरा आली किंवा पुरावा नंतर सापडला तर ‘पुनर्स्थापना विनंती’च्या पानावर संचिकेचं नेमकं नाव आणि नवा पुरावा द्या. फोटो परत आला की लेखांमधला दुवा हाताने जोडा.