चार्ल्स एम. रसेल (चित्रकार आणि शिल्पकार)

चार्ल्स मॅरियन रसेल (१९ मार्च १८६४ – २४ ऑक्टोबर १९२६) हा अमेरिकेतल्या मोंटाना राज्याचा चित्रकार आणि शिल्पकार, तिकडे मात्र सगळे त्याला चार्लीच म्हणायचे. काऊबॉय, मूळनिवासी जमाती, बायसनचे कळप, लुईस आणि क्लार्कची मोहीम (१८०४–०६ मध्ये पश्चिमेचा भाग धुंडाळायला सरकारने पाठवलेली), थोडक्यात ज्याला 'ओल्ड वेस्ट' म्हणतात तो सगळा इतिहास हाच त्याचा आयुष्यभराचा विषय. तेलरंग, जलरंग, रेखाटनं, मेणाची आणि ब्राँझची शिल्पं धरून साधारण ४००० कामं त्याच्या नावावर सांगतात. आणि आर्ट स्कूलचं शिक्षण म्हणाल तर जवळपास शून्य!

जन्म सेंट लुईसचा, घरचं चांगलं खाऊनपिऊन सुखी, पण पोराचं शाळेत लक्ष नाही, डोक्यात नुसते घोडे आणि काऊबॉय. शेवटी १८८० मध्ये सोळावं लागता लागता घरच्यांनी त्याला मोंटानाला जाऊ दिलं, चार दिवस राबला की खोड मोडेल आणि येईल परत असा हिशोब होता, तो साफ चुकला. आधी मेंढ्या राखायचं काम मिळालं, ते काही त्याला जमलं नाही, मग जेक हूव्हर नावाच्या शिकाऱ्याने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं आणि त्याच्याबरोबर दोनेक वर्षं डोंगरात काढल्यावर हा रात्रपाळीचा काऊबॉय झाला. रात्रभर जनावरं राखायची आणि दिवसा मोकळा वेळ मिळाला की बाकीचे काय करतायत ते बघत स्केच काढायचे.

१८८६-८७ चा हिवाळा तिथे फार भयंकर गेला, बर्फाखाली चारा गाडला गेला आणि हजारो गुरं मेली. मालकाने पत्राने विचारलं की आपल्या गुरांचं काय, तर रसेलने पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर एक हाडं वर आलेला बैल आणि त्याच्या पडण्याची वाट बघणारे लांडगे असं जलरंगात काढलं, आणि फोरमनने पत्राऐवजी तेच पाठवून दिलं. हेच ते 'वेटिंग फॉर अ शिनूक' (शिनूक म्हणजे बर्फ वितळवणारा गरम वारा). मोंटानाची राजधानी हेलेना, तिथे ते लोकांच्या नजरेत आलं आणि चित्रांची कामं यायला लागली.

१८८८ मध्ये तो कॅनडाच्या अल्बर्टा भागात ब्लड (कायनाई) लोकांच्यात काही काळ राहिला, ती ओळख पुढे चित्रांत सतत दिसते. १८९३ ला काऊबॉयची नोकरी सोडली, १८९६ ला नॅन्सी कूपरशी लग्न केलं, आणि इथून पुढचं श्रेय अर्धं तरी तिला द्यायला हवं कारण हा मित्रांना चित्रं अशीच वाटून टाकणारा माणूस, किमती लावणं, घासाघीस करणं, प्रदर्शनं ठरवणं सगळं तिने केलं. १९११ ला न्यूयॉर्कला प्रदर्शन, १९१४ ला लंडनला. मोंटानातल्या ग्रेट फॉल्स गावात घराशेजारी १९०३ साली टेलिफोनच्या खांबांचा स्टुडिओ बांधला.

शिल्पकलेची सुरुवात खिशातल्या मेणाच्या गोळ्यापासून, गप्पा मारता मारता बोटं चालू असायची आणि गप्पा संपेपर्यंत अस्वल नाहीतर घोडा तयार. 'स्मोकिंग अप' हे पहिलं ब्राँझ १९०४ चं.

सगळ्यात मोठं काम १९१२ चं, हेलेनातल्या विधानभवनातलं सुमारे २५ फूट लांब आणि १२ फूट उंच चित्र, ज्यासाठी स्टुडिओचं छप्पर वर उचलावं लागलं. विषय १८०५ मधली लुईस, क्लार्क आणि सेलिश (फ्लॅटहेड) लोकांची भेट. सरकारी ऑर्डर म्हटल्यावर कोणीही गोऱ्या नायकांना मधोमध उभं केलं असतं, याने मात्र मधली सगळी जागा घोड्यांवरच्या सेलिश लोकांना दिली आणि लुईस-क्लार्क उजव्या बाजूला लहानसे.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी की तो मोंटानात उशिराच पोचला, पुढच्या चारेक वर्षांत तिथले बायसन जवळपास संपले, त्यामुळे काऊबॉयचं जगणं त्याने स्वतः जगलेलं असलं तरी बायसनच्या शिकारी आणि जमातींच्या लढाया बऱ्याचशा ऐकीव आणि कल्पनेतल्या आहेत. हळवेपणाही भरपूर आहे. पण फ्रेडरिक रेमिंग्टन (१८६१–१९०९), ओल्ड वेस्टचाच दुसरा चित्रकार, ज्याच्याशी त्याची कायम तुलना होते, तो पूर्वेकडून येऊन-जाऊन बघणारा, आणि रसेल तिथेच मुरलेला, हा फरक मला तरी घोड्याच्या प्रत्येक उडीत दिसतो. 'विकासा'च्या नावाखाली जमीन नांगरून काढणाऱ्यांवर तो उघड टीका करायचा, आणि बेघर झालेल्या चिपेवा-क्री या मूळनिवासी लोकांना जमीन मिळावी म्हणून आवाज उठवणाऱ्यांत तोही होता, ते रॉकी बॉय रिझर्व्हेशन (त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीन) १९१६ मध्ये झालं.

सहीसोबत तो बायसनची कवटी काढायचा, चित्र खरं की नकली बघताना तीच आधी शोधली जाते, अर्थात नकली करणारेही ती काढतातच. ग्रेट फॉल्सचं म्युझियम आणि टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचं एमन कार्टर म्युझियम इथे त्याची बरीच कामं आहेत, वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये मोंटानाच्या वतीने त्याचा पुतळा आहे, आणि 'पिगन्स' हे चित्र २००५ च्या लिलावात ५६ लाख डॉलरला गेलं.