ताई ची खरंच फाईटमध्ये चालते का?

२७ एप्रिल २०१७ ला चीनमधल्या छंगदू शहरात एक फाईट झाली, एका बाजूला शू शियाओतोंग हा एमएमएवाला (म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा फायटर), दुसऱ्या बाजूला वेई लेई हा ताई ची ही संथ हालचालींची चिनी कला शिकवणारा मास्तर, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळा खेळ खल्लास. वेई हात पुढे धरून उभा होता, शू जरा भोवती फिरला, मग एकदम आत घुसून ठोसे मारले आणि वेई खाली. व्हिडिओ जगभर फिरला आणि तेव्हापासून ताई ची म्हणजे बागेतला म्हाताऱ्यांचा व्यायाम, मारामारीत शून्य, असं लोक बिनधास्त बोलतात. मला हे अजिबात पटत नाही. तिथे उघडी पडली ती ट्रेनिंगची पद्धत, पण या कलेमागचं जे शरीराचं गणित आहे ते आजही पक्कं आहे.

मुळात ही काही तब्येतीसाठी जन्मलेली गोष्ट नव्हे. हेनान प्रांतातल्या छनज्यागोउ गावात छन घराण्याची ही लढायची कला, तिथं शिकून यांग लूछान (१७९९–१८७२) बेजिंगला गेला आणि तिथं त्याचं नाव झालं. आपण बागेत बघतो तो २४ मुद्रांचा छोटा सेट १९५६ मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने सामान्य लोकांसाठी सोपा करून बसवलाय, त्यावरून अख्ख्या कलेची लायकी ठरवणं चूक आहे.

आता गणित बघू. माणूस उभा असताना त्याच्या वजनाचा मध्य साधारण बेंबीच्या खाली असतो आणि त्या मध्यातून सरळ खाली जाणारी रेघ दोन पावलांच्या मधल्या जागेत पडते तोपर्यंतच तो उभा राहतो, रेघ बाहेर गेली की एकतर पाऊल टाका नाहीतर पडा. ताई चीत 'लू' म्हणून एक हालचाल आहे. समोरचा तुमच्या छातीवर जोर लावतो, तुम्ही एका हाताने त्याचं मनगट धरता, दुसरा हात त्याच्या कोपराच्या जरा वर ठेवता, आणि मागे न सरता फक्त कंबर फिरवता. त्याला जिथे आधार मिळेल असं वाटत होतं तिथे काहीच नसतं, त्याची रेघ त्याच्याच जोराने चवड्यांच्या पुढे जाते, आणि कोपर सरळ झालेलं असल्यामुळे त्याचा अख्खा हात तुमच्यासाठी तरफ बनतो. ज्यूदोत फेकण्याआधी तोल मोडतात तो हाच प्रकार, फिजिक्स एकच.

अंग सैल ठेवा असं का सांगतात तेही यातच आलं. घाबरून आपण सांध्याच्या दोन्ही बाजूचे स्नायू एकदम आवळतो, मग मनगट, कोपर, खांदा, पाठ सगळं एक ताठ दांडकं होतं आणि मनगटाला दिलेला धक्का थेट धडापर्यंत पोचतो. सैल हातात तो वाटेतच जिरतो. शिवाय डोळ्यांनी बघून हालचाल करायला साधारण ०.२ सेकंद लागतो, स्पर्शाला मात्र त्याहून कमी वेळात प्रतिक्रिया जाते, म्हणून तुईशोउ म्हणजे दोघांनी हाताला हात लावून ढकलाढकली करायचा सराव इतका महत्त्वाचा.

तोलावर परिणाम होतो याचा चांगला पुरावाही आहे. अमेरिकेत पार्किन्सनच्या १९५ पेशंटवर अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये छापून आला, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल स्ट्रेचिंग आणि वजनांचा व्यायाम करणाऱ्या गटांपेक्षा जास्त सुधारला. अर्थात तोल सुधारला म्हणजे ठोसा चुकवता आला असं नाही.

आणि गाडी अडते ती इथेच. ही सगळी कला हात लागल्यावरची आहे, आणि बॉक्सर किंवा किकबॉक्सर हात लागूच देत नाही, लांबून मारून निघून जातो. दुसरं म्हणजे फॉर्म, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचाली, कितीही वर्षं करा, समोर कोणी नसतं, त्यामुळे खांदा हलला की ठोसा येतोय हे ओळखायला मेंदू कधी शिकतच नाही. ज्यूदोचा जनक जिगोरो कानोने १८८२ मध्ये कोदोकान ही आपली शाळा काढली तेव्हा जीवघेणे प्रकार सरावातून बाजूला ठेवले, उरलेल्यात मात्र पूर्ण ताकदीने एकमेकांना फेकायला लावलं, ज्यूदो पक्कं झालं ते यामुळे. आपल्याकडे तालमीत पैलवान रोज जोर करतो, तेव्हा समोरचा डाव लागू नये म्हणून जीव तोडून विरोध करतो, मग मैदानात हात आपोआप चालतो. असा विरोध बऱ्याच ताई ची वर्गांत मिळतच नाही, तिथे विद्यार्थी मास्तरांच्या हलक्या धक्क्यानेही मागे उडतो, आणि मास्तरांनाही तीच सवय लागते.

१९५४ ला मकाऊत ताई चीच्या वू घराण्याचे वू गोंगयी, वय ५३, व्हाईट क्रेन या दुसऱ्या चिनी कुंग फू शैलीच्या एका तरुण मास्तराशी रिंगमध्ये उतरले होते. त्याची फिल्म आहे, बघा, त्यात 'लू' वगैरे सुंदर काही दिसत नाही, नुसते वेडेवाकडे ठोसे आणि रक्ताळलेलं नाक, दुसऱ्या राऊंडमध्ये थांबवून निकालच दिला नाही.

म्हणून ज्याला ताई ची लढायला वापरायची आहे त्याने सान्दा (चिनी किकबॉक्सिंग) किंवा बॉक्सिंगमधून पायांची चाल, गार्ड आणि अंतर कापायचं शिकावं, ग्लोव्हज घालून मार खायची सवय करावी, आणि तुईशोउ अशा माणसाबरोबर करावं ज्याला हरायचं नाहीये, जमलं तर चक्क एखाद्या पैलवानाबरोबर. क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना धरून उभे असताना, ताई चीवाल्याची कंबर आणि स्पर्श ओळखणारे हात तिथे खरंच कामाला येतात.