समकालीन भारतीय कलेचा संग्रह

समकालीन भारतीय कलेचा संग्रह : हयात असलेल्या किंवा आपल्या काळाला जवळच्या चित्रकार-शिल्पकारांच्या कलाकृती विकत घेऊन जपण्याची, आणि बहुधा पुढे विकण्याचीही, प्रथा. बाजाराने यात दोन कप्पे केले आहेत. स्वातंत्र्याच्या आसपास पुढे आलेले हुसेन, रझा, सूझा, तय्यब मेहता, गायतोंडे हे ‘आधुनिक’, तर साधारण १९९० नंतर नावारूपाला आलेले ‘समकालीन’. भेद काटेकोर नाही, पण लिलावाची यादी त्यावरच बेतलेली असते.

मुंबईत ही प्रथा हौसेतून रुजली. युरोप सोडून इथे आलेले रुडी फॉन लायडन, वॉल्टर लँगहॅमर आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी १९४०च्या दशकात हुसेन, रझा, सूझा ज्यात होते त्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या तरुणांना उचलून धरले. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्यांची चित्रे घेतली. फ्रेमांचा व्यवसाय असलेल्या केकू गांधींनी १९६३ मध्ये जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. जहांगीर निकल्सन या मुंबईकराने १९६८ पासून जमवलेल्या सुमारे ८०० कलाकृती आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या ताब्यात असून त्यांतल्या निवडक तिथे पाहायला मिळतात. भाव चढण्याआधी, स्वतःच्या नजरेवर भरवसा ठेवून केलेला संग्रह कसा असतो, हे बघायचे तर तिथेच जावे.

मोठ्या पैशाचे पर्व नंतरचे. तय्यब मेहतांचे ‘महिषासुर’ २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १५.८ लाख डॉलरना गेले आणि दहा लाख डॉलरचा टप्पा आधुनिक भारतीय चित्राने प्रथमच ओलांडला. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. जन्म नागपूरचा, घराणे गोव्याचे, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पातळ सुरीने) रंगांचे थर देत, खरवडत, थांबत ते काम करत. वर्षाकाठी चित्रे मोजकीच होत. त्यांच्या १९७९च्या एका चित्राला २०१३ मध्ये मुंबईत २३.७ कोटी रुपये आले, आणि २०२५ मध्ये दुसऱ्या एका चित्राला ६७.०८ कोटी. हे सगळे आकडे त्यांच्या मृत्यूनंतरचे. कलाकृती पुन्हा विकली गेली की मूळ कलावंताला किंवा त्याच्या वारसांना वाटा मिळण्याची तरतूद कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३क मध्ये आहे. ती व्यवहारात मात्र रुळलेली नाही. चित्रकाराच्या घामावर दुसऱ्याने नफा कमवावा आणि त्याच्या घरी काहीच पोहोचू नये, हा सरळ अन्याय आहे.

जाणता संग्राहक चित्र समोरून पाहतो तितकेच मागूनही पाहतो. कॅनव्हासच्या पाठीवर सही, साल, गॅलरीची चिकटवलेली चिठ्ठी आणि जुन्या प्रदर्शनाचा क्रमांक असेल, तर चित्र कुणाकुणाच्या हातून आले हे लावता येते. गायतोंड्यांच्या अनेक चित्रांच्या पाठीवर देवनागरी सही आहे. नकली चित्रे बाजारात फिरतात, म्हणून ही पाठ आणि खरेदीची जुनी पावती यांना मोल येते.

हयात कलावंतांत संग्राहकांची पसंती एकसारखी नाही. सुबोध गुप्ता यांनी बिहारमधल्या घरोघरच्या स्टीलच्या भांड्यांतून कवटीचे प्रचंड शिल्प उभे केले; ते फ्रेंच उद्योगपती फ्रांस्वा पिनो यांच्या संग्रहात गेले. जितीश कल्लाट, भारती खेर, शिल्पा गुप्ता यांनाही परदेशी संग्रहालयांत जागा मिळाली आहे. ठाण्यात २००५ पर्यंत क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत रंगवत राहिलेले सुधीर पटवर्धन यांची लोकलची, चाळींची, इराण्याच्या हॉटेलांची चित्रे मात्र ज्यांनी हे शहर अंगावर घेतले आहे त्यांना आधी भिडतात. घाटकोपरचे अतुल दोडिया यांनी तर दुकानाचे लोखंडी शटरच चित्रफलक केले. ‘महालक्ष्मी’मध्ये शटरवर कॅलेंडरातल्यासारखी देवी आहे. शटर वर सरकवले की मागे हुंड्यापायी गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. असे चित्र दिवाणखान्यात लावायचे, तर शटर उघडे ठेवायचे की बंद, हे घेणाऱ्याला रोज ठरवावे लागते.

काही काम संग्रहात येतच नाही. नलिनी मलानी यांनी १९९२ मध्ये केमोल्डच्या भिंतींवरच चित्रे काढली, आणि प्रदर्शन संपल्यावर त्यांवर चुना फिरवण्यात आला.